धुळ्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. मुस्लिम विद्यार्थ्यांचा स्वभाव, सहिष्णुता आणि कट्टरतेकडचा कल या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: मी परिस्थितीचा दोष पोरांच्या स्वभावावर ढकलला, तपासणी मुस्लिमांचीच का केली, आणि जाता जाता, ‘सर, तुम्हाला ही मुलं कागदावरच माहीत आहेत.’

चूक आधी कबूल करतो. जर्मन विचारवंत अडोर्नो आणि सहकाऱ्यांचा हुकूमशाही वृत्तीवरचा अभ्यास १९५० चा. मी १९५५ लिहिलं. दुरुस्त केलंय. तो अभ्यास गोऱ्या अमेरिकनांवर झाला होता, म्हणजे मुस्लिमांसाठी वेगळी फूटपट्टी मी काढली नाही.

आता ‘कागदावर’. झोंबलं, खोटं कशाला बोलू? यावल-रावेरकडे एकोणतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं मी. धर्माने मुसलमान, जमातीने भिल्ल अशी तडवी पोरं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. त्यांच्या घरची कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लंय, लग्नांत पंगतीला बसलोय. तुम्ही बसलात कधी?

दोन सख्खे भाऊ आठवतात. घर एक, गल्ली एक, बापाची केळीच्या ट्रकवरची हमाली एकच. थोरला विचारायचा, ‘सर, दोघांचंही बरोबर असू शकतं का?’ धाकटा म्हणायचा, ‘एकच उत्तर सांगा, परीक्षेत काय लिहू?’ अनुभवाला खुलं असणं आणि अनिश्चितता सोसता येणं, हेच मी लेखात सांगत होतो. पुढे धाकट्याने व्हॉलीबॉल सोडला, जुन्या मित्रांच्या डब्यात हात घालणं सोडलं. त्याला नवी दोस्ती मिळाली होती. परिस्थितीच कारण असती तर थोरलाही गेला असता, नाही का? (तसाच एकमार्गी पोरगा आमच्या गणेश मंडळातही होता. त्याची चाचणी मी घेतली नाही, हे खरं.)

मार्क सेजमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने २००४ सालच्या पुस्तकात १७२ जिहादींची चरित्रं तपासली. बहुतेक जण दोस्ती आणि नात्यागोत्यातून आत गेले होते. हे लेखात खाली होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

भाड्याने खोली न मिळणं, पोलिसांची चौकशी वगैरे तुम्ही बरंच लिहिलंय. तो माझा विषय नव्हता.

आणि आधी ‘सर’ म्हणायचं, मग कागदावरचा ठरवायचं, तेही नाव न लिहिता, हे आमच्याकडे चालत नाही, भाऊ.