रिले लावला म्हणून फ्यूज वगळता येत नाही

मोटारसायकलवरून लडाखला जायची तयारी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर हा सल्ला हमखास फिरतो: एलईडी फॉगलाइट वीज खातच नाहीत, हेडलाइटच्या वायरीतूनच टॅप करा (म्हणजे तिलाच जोड देऊन वीज घ्या), रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असला की फ्यूज नको, फ्यूज उडत असेल तर मोठा टाका, उरलेलं सीटखाली कोंबून टेप गुंडाळा. पाचही गोष्टी चूक आहेत, पण गाडी पेटवतील त्या फ्यूजबद्दलच्या दोन.

‘एलईडी वीज खात नाहीत.’ हॅलोजनपेक्षा कमी खातात, एवढंच. ४० वॉटचे दोन दिवे १३.५ व्होल्टला सुमारे ६ अँपिअर ओढतात. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब आधीच ४ ते ५ घेत असतो आणि त्याची वायर, स्विच त्याच हिशेबाने दिलेले असतात. शिवाय टॅपिंगची ती निळी क्लिप वायरीचे धागे कापते. कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरतो. वायर दीड चौरस मिमीची घ्या. अर्ध्या चौरस मिमीच्या वायरीत, जाऊन-येऊन ४ मीटर धरले तर, ०.८ व्होल्ट वाटेतच जातो, दीडमध्ये ०.३.

‘रिले असला की फ्यूज नको.’ रिले हा फक्त स्विच आहे, करंट किती वाहतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीचा प्लस, ८७ वरून दिवे, ८६ ला ट्रिगर (रिले चालू करणारी वायर), ८५ ला अर्थिंग. ट्रिगर मात्र पार्किंग लाइटच्या वायरीवरून खुशाल घ्या, कारण रिलेतल्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही. बॅटरी ते ३० नंबर हा तुकडा किल्ली काढल्यावरही जिवंत असतो. तो सीटच्या पत्र्याला घासून शॉर्ट झाला, तर रिले मधे येतच नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘उडतोय तर मोठा टाका.’ फ्यूज दिव्याला नाही, वायरीला वाचवायला असतो. ६ अँपिअरच्या लोडला लाल १० अँपिअरचा पुरतो. त्याजागी हिरवा ३० चा बसवला तर शॉर्टमध्ये फ्यूज शाबूत राहून इन्सुलेशन वितळू शकतं, तेही बहुधा पेट्रोलच्या टाकीखाली. सारखा उडत असेल तर वायर कुठे घासतेय ते शोधा: आधी हँडलच्या मानेशी, मग टाकीच्या कडेला.

सीटखालच्या मांडणीचं थोडक्यात: रिलेच्या पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी निथळतं, फ्यूजबॉक्स टूलकिट न हलवता उघडेल असा, वायरी सायलेन्सरपासून लांब, नालीदार पाइपात. कापडी टेपचा गोंद उन्हात सुटतो. जोड क्रिम्प करून (धातूच्या टोपीत दाबून) त्यावर गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. नुसता सोल्डर केलेला जोड कडेला कडक होतो आणि थरथरीने तिथेच तुटतो.

सगळं बसवल्यावर दोन तपासण्या. सर्व दिवे लावून बॅटरीवर मीटर धरा: ३,००० ते ४,००० आरपीएमला १३.५ व्होल्टच्या आसपास किंवा वर दिसायला हवं. तिथेही १३ च्या खाली राहिलं, तर लोड चार्जिंगला झेपत नाही; एखादं उपकरण कमी करा. मग इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. आरपीएम वाढला तर नवी वायरिंग थ्रॉटलची केबल ओढतेय, वायरिंगला आणखी ढील द्या.