दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल गाडी : दावे आणि हिशेब

कमी पैशांत घरची गाडी बदलायची असे कोणी म्हटले, की एक सल्ला हमखास पुढे येतो आणि मोबाइलवरून तोच वेगवेगळ्या शब्दांत फिरत असतो. त्याचा आशय असा : पंधरा वर्षे झालेली गाडी आता भंगारात द्यावीच लागते, दिल्लीत दहा वर्षांची डिझेल गाडी निम्म्या किमतीत मिळते, एनओसी (मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र) घेऊन ती वर्षभर तशीच चालवता येते आणि पुढे आरटीओचा खर्च किरकोळ असतो, डिझेलच्या मायलेजमध्ये सगळे वसूल होते, पेट्रोल गाडी तर पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे घेण्यात अर्थच उरलेला नाही, शिवाय विमा, दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या बोनससकट, आपल्या नावावर होतो. यातल्या बहुतेक विधानांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती सावकाश तपासायला हवीत.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी 2025 मध्ये ते 10,000 केले गेले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. हा खर्च टोचणारा आहे, पण तो सक्तीचे भंगार नव्हे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी संपण्याचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला तो सरकारी वाहनांना, आणि बहुधा तिथूनच हा गैरसमज पसरला असावा. ज्या गाडीचे इंजिन आणि पत्रा धड आहे, ती बदलण्याआधी हा आकडा नव्या खरेदीच्या आकड्याशेजारी लिहून पाहावा.

दिल्लीच्या गाडीचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती उचलून धरली, आणि त्यामुळे तिथले मालक मिळेल त्या भावाला गाड्या काढू लागले, हे खरे आहे. परंतु 12 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-4 (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचे मानक) व त्यावरील गाड्यांपुरते ठेवले. दिल्लीत 2010 पासून बीएस-4 लागू असल्याने दहा वर्षांची तिथली गाडी सहसा याच गटात मोडते. म्हणजे तिच्या मालकावर आज विकण्याची सक्ती नाही. तरीही ती कोणी फारच स्वस्तात देत असेल, तर वयाखेरीज दुसरे काय कारण आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. मीटर मागे फिरवला आहे का, गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का, जुन्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, चलने किती थकली आहेत, या गोष्टी पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून फोटोंवरून कळत नाहीत.

त्यानंतर आरटीओ. महाराष्ट्रात कायमची आणलेली परराज्यातील गाडी एकरकमी कराला पात्र असते, आणि तो कर आपण दिलेल्या स्वस्त किमतीवर बसत नाही. गाडी नवी असताना जो बसला असता त्याचा वयानुसार ठरलेला हिस्सा भरावा लागतो. दहा लाखांपर्यंतच्या डिझेल मोटारीवर हा मूळ दर 13 टक्के आहे, पेट्रोलवर 11 टक्के. नऊ लाखांच्या डिझेल गाडीचा मूळ कर 1,17,000 होतो. त्याचा तिसरा हिस्सा जरी धरला, तरी 39,000 रुपये जातात. त्यावर दिल्लीहून गाडी आणण्याचा खर्च, नव्या क्रमांकाचे शुल्क आणि बहुतेक ठिकाणी एजंट. नोंदणीची पंधरा वर्षे मूळ तारखेपासूनच मोजली जातात, त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीला इथे पाचच वर्षे उरतात. शिवाय 2016 मध्ये लवादाने अशा डिझेल गाड्यांना कमी वाहनगर्दीच्या भागांसाठीच एनओसी द्यावी असे म्हटले होते. म्हणून आपल्या आरटीओत ती गाडी नोंदवून घेतात का, हे बयाणा देण्याआधी विचारणे भाग आहे.

'वर्षभर तशीच चालवा' हा सल्ला कलम 47 मधील बारा महिन्यांच्या मुदतीवरून आला आहे. ती मुदत नव्या राज्याचा क्रमांक घेण्यासाठी आहे. खरेदीदाराने मालकी बदलल्याची माहिती आरटीओला तीस दिवसांत द्यावी, असे कलम 50 वेगळे सांगते. विमा कंपनीलाही चौदा दिवसांत कळवायचे असते. तसे केले नाही आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

मायलेजचा हिशेब करून पाहू. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये लिटर, पेट्रोल गाडी 15 आणि डिझेल गाडी 20 किलोमीटर देते, आणि कुटुंबाचा वापर वर्षाला 6,000 किलोमीटर आहे असे धरले, तर पेट्रोलला 41,600 आणि डिझेलला 27,300 रुपये लागतात. वर्षाची बचत 14,300. वर धरलेला 39,000 चा करच जवळपास पावणेतीन वर्षांची बचत खातो, आणि दहा वर्षांच्या डिझेल गाडीच्या इंजेक्टरचे किंवा टर्बोचे काम निघाले तर उरलेलीही जाते. ज्यांचे रोजचे धावणेच ऐंशी-शंभर किलोमीटर आहे, त्यांच्यासाठी गणित उलटते, हे मान्य केले पाहिजे. पण तेवढे धावणाऱ्याने सीएनजीही पाहावा : 90 रुपये किलो आणि 24 किलोमीटरचा हिशेब धरला तर तेच 6,000 किलोमीटर 22,500 रुपयांत होतात. डिकी जवळजवळ जाते आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते, एवढे मात्र सोसावे लागते.

इथेनॉलची भीती निराधार नाही. जुन्या पद्धतीच्या चारचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. वरच्या उदाहरणात म्हणजे वर्षाला साधारण तीन हजार रुपये. फार जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि गॅस्केट बदलावे लागतील ते निराळे. ही चिंता टाळायची असेल तर एप्रिल 2023 नंतर बनलेली गाडी पाहावी, कारण तेव्हापासून सुटे भाग या इंधनाला चालतील असे बनवले जातात.

सल्ल्यात न आलेली एक गोष्ट इथे नोंदवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आला, आधी उपकर धरून तो 29 ते 31 टक्के होता. नव्याचा भाव खाली आला की जुन्याचाही यायला हवा. त्याआधीच्या नव्या किमतीशी तुलना करून 'निम्म्यात मिळते' म्हणणारा विक्रेता निम्म्यात देत नसतो.

राहिला विम्याचा बोनस. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून विकणाऱ्याचा 50 टक्के बोनस घेणाऱ्याला मिळत नाही. उलट आपली जुनी गाडी विकताना किंवा भंगारात देताना विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तेवढी सूट मिळते.