हेराल्ड रोज का चालवते: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची कमेंट नीट वाचली, आणि उत्तर चार ओळीत मावणार नाही म्हणून वेगळं लिहितेय. काका म्हटलेलं चालेल ना, कॉलेजात असताना पार्ल्याच्या घरची हेराल्ड चालवायचो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून म्हटलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझी गाडी स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची मद्रासला बनलेली, साठेक वर्षं जुनी ओपन बहीण. काकांचं म्हणणं असं की डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालून मी चांगल्या स्टँडर्ड हेराल्डची वाट लावली, ह्याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत. अशी ओपन गाडी व्हिंटेज नंबर घेऊन झाकून ठेवायची आणि रॅलीपुरती बाहेर काढायची. आणि ठाण्याच्या खड्ड्यात, पावसात तिला रोज ऑफिसला नेणं म्हणजे घरातल्या आजोबांना हमालीला लावणं.

हे हमालीचं वाक्य मला लागलं. कारण ह्या गाडीवर माझा जीव आहे आणि तुमचाही आहे हे कमेंट वाचून कळतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ब्रेक, कारण सगळ्यात जास्त राग तुमचा तिथे आहे. मी पाचपाखाडीहून ऐरोलीला जाते, कळवा, विटावा करत. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचतं हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. त्या पाण्यातून ड्रम ब्रेकवाली गाडी बाहेर काढली की पुढची काही मिनिटं पाय दाबला तरी लायनर धरत नाहीत, आणि धरतात तेव्हा एका चाकाचा आधी धरतो आणि गाडी डाव्या नाहीतर उजव्या बाजूला खेचते, आणि बाजूला कोण असतं, तर छत्री धरून चाललेली माणसं, शाळेची पोरं. त्यात जुन्या सिस्टीमला ब्रेक ऑइलची एकच लाइन, कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६१ च्या रस्त्यावर हे चालून जात असेल, आता पुढचा माणूस एबीएसवाली गाडी घेऊन जागच्या जागी थांबतो आणि त्याच्या मागे मी असते. म्हणून पुढे डिस्क घातल्या आणि मास्टर सिलेंडर दोन लाइनचा केला. मागचे ड्रम आणि हँडब्रेक तसेच आहेत.

आणि ह्या डिस्क काही परक्या घरातून आणलेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ कंपनी स्वतःच हेराल्डला पुढच्या डिस्क ऑप्शन म्हणून देत होती, आणि १९६२ मध्ये त्याच घराण्यातली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार आली तिला तर पुढे डिस्कच होत्या. दोघींचं पुढचं सस्पेन्शन बरंचसं एकच. म्हणजे कंपनीने तिकडे जे दिलं आणि मद्रासच्या आपल्या गाडीला मिळालं नाही, ते मी घातलंय.

आता डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र; अल्टरनेटर हा त्याचा नवा अवतार. तुम्ही विचारलंत की साठ वर्षं चालला तो डायनामो काढायचं कारण काय. कारण कापूरबावडीचा ट्रॅफिक! डायनामो स्लो स्पीडला जवळजवळ चार्जच करत नाही, इंजिन आयडलवर आलं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि सगळा भार बॅटरीवर जातो. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाच्या बाजूने रांगेत उभं राहायचं, वर पाऊस, म्हणजे हेडलाइट चालू, वायपर चालू, रेडिएटरचा पंखा चालू, आणि गाडी तर हलतच नाहीये, मग तो कटआउट (डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) आणि डायनामो काय करणार बिचारे. (पंखाही मी इलेक्ट्रिक केलाय, कारण इंजिनवर फिरणारा पंखा नेमका आयडलला हळू फिरतो आणि नेमकी तेव्हाच हवा हवी असते.) अल्टरनेटर आयडललाही चार्ज देतो, विषय संपला. त्यासाठी जुनं पॉझिटिव्ह अर्थ वायरिंग (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) निगेटिव्ह अर्थ (मायनस टोक बॉडीला) करावं लागलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीच्या आत बसतं, बाहेरून दिसतही नाही, आणि हेच काम आधी करणारा सीबी पॉइंट नि कंडेन्सरचा जुना सेट डिकीत डबीत ठेवलाय, रस्त्यात इलेक्ट्रॉनिक मेलंच तर तिथेच बदलून घरी यायचं.

डायनामो, कटआउट, पुढचे ड्रम, जुना मास्टर सिलेंडर, एकही वस्तू भंगारात दिलेली नाही, सगळं तेल लावून, गुंडाळून, नाव लिहून ठेवलंय. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना आहे ना, फीवा, तिचा ट्यूरिन चार्टर २०१३ चा आहे. त्याचा रोखही हाच आहे की सुरक्षेसाठी बदल करावेच लागले तर उलट फिरवता येतील असे करा आणि काढलेले महत्त्वाचे पार्ट गाडीसोबत जपा. माझ्यानंतर ज्याच्याकडे ही गाडी जाईल त्याला वाटलं तर तो सगळं परत जसंच्या तसं बसवू शकतो, कुठेही चॅसी कापलेली नाही.

छताचं पण सांगते, कारण तुम्हाला शंका आली की मी सलूनचं, म्हणजे बंद गाडीचं, पक्कं छत उतरवून ओपन केली. हेराल्डचं छत बोल्टवर बसतं, त्यामुळे असं करणारे आहेत हे खरं, पण माझ्या गाडीच्या आरसीवर बॉडी ओपनच लिहिलेली आहे. इंजिनही तेच ९४८ सीसीचं, नंबरासकट. मारुतीचं इंजिन टाका असं गॅरेजवाले खूप म्हणाले, मी नाहीच म्हटलं, त्याला आरटीओची परवानगी लागते हे एक आणि ते इंजिन गेलं तर मग हेराल्ड राहिली कुठे.

व्हिंटेज नंबरबद्दल. २०२१ मध्ये केंद्राने नियम केले, ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण त्याच नियमात लिहिलंय की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे मी व्हीए घेतला तर ऐरोली बंद. म्हणून मी जुन्याच नंबरावर पासिंग करून घेते, टॅक्स भरते, पीयूसी काढते. आणि गंमत बघा, गाडी मूळ रूपात आहे का हे बघताना तो नियमसुद्धा चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन ह्यांच्यात मोठे बदल नकोत असं म्हणतो.

आता झाकून ठेवण्याचं. काका, बंद गाडी टिकते हे मला पटत नाही. व्हील सिलेंडर जाम होतात, ऑइल सील सुकतात, टाकीत पेट्रोल बसून बसून डिंक होतो. त्यात आता पंपावर इ२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत पाण्याला काय तोटा. उभ्या गाडीची टाकी आतून गंजायला अजून काय पाहिजे? रोज चालवली की टाकीतलं पेट्रोल ताजं राहतं. तरी इ२० जुन्या रबराला खातंच, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घेतले, पंपाचा डायफ्राम बदलला, आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं म्हणून सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल यायचं भोक, थोडा मोठा केला.

आणि ओरिजिनल म्हणाल तर एक गोष्ट दाखवते. पुढच्या चाकाशी खाली ट्रुनियन असतो, पितळी रंगाचा ठोकळा, त्याच्यात उभ्या लिंकचं आटे पाडलेलं टोक फिरतं, स्टिअरिंग वळवलं की त्या आट्यांवरच वळतं. वागळे इस्टेटला गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा मेस्त्री ग्रीस पंप घेऊनच आला. मी म्हटलं थांबा, इथे ग्रीस नाही, ईपी ९० ऑइल, म्हणजे गिअरचं जाड तेल. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग प्लग काढला, तर आतून जुनं ग्रीस खडूसारखं वाळून बाहेर आलं आणि मागोमाग तांबूस पाणी. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी आत राहतं, लिंक गंजते आणि एक दिवस मोडते, चाक आडवं होतं. कंपनीच्या हँडबुकात ऑइलच लिहिलंय. म्हणजे रॅलीला उभी राहणारी, दिसायला शंभर टक्के ओरिजिनल गाडीसुद्धा ग्रीस भरून आतून मरत असू शकते. मी बॉनेट पूर्ण पुढे उलटून, टायरवर बसून, ऑइल गनने ते स्वतः भरते. ह्या बॉनेटसाठी हेराल्डचं डिझाइन करणाऱ्या मिकेलॉत्तींना हात जोडावेत, इतकं मोकळं इंजिन मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेलं नाही.

तुमचे काही मुद्दे मात्र बरोबर आहेत. कार्बोरेटरची गाडी नवीन गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, पीयूसी पास झाली तरी, हे मी नाकारत नाही. पुढे सीट बेल्ट बसवलेत, तरी उघड्या गाडीला डोक्यावर पत्रा नाही. मागचा स्विंग अ‍ॅक्सल (चाकासकट वर-खाली झुलणारा) आणि आडवा पाटा मी तसाच ठेवलाय, फक्त पाट्याला कमान मारून घेतली, त्यामुळे वळणावर जोरात घालून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागची चाकं आत दुमडतात, हे माहीत असूनच चालवते. एक्सप्रेसवेला नेत नाही. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी ट्रेन. बाकी पावसाला कापडी टप पुरतो, शिवण आतून टेप लावून घेतली आणि दाराखालची पाणी जायची भोकं काडी घालून साफ ठेवते, गंज तिथूनच सुरू होतो.

पण हमाली नाही हो काका. ही गाडी राजेरजवाड्यांची नव्हती, ऑफिसला जाणाऱ्या, बायकोला माहेरी सोडणाऱ्या, पोरांना चौपाटीला नेणाऱ्या घरांची गाडी होती, तुमच्याही घरी तेच करत होती. मी तिच्याकडून तेच काम करून घेतेय. आणि नौपाड्याच्या गल्लीत जिथे आजची छोटी गाडीसुद्धा मागेपुढे करत वळते तिथे हेराल्ड एका झटक्यात फिरते, २५ फुटांचं टर्निंग सर्कल आहे तिचं, हे तुम्हाला आठवत असेलच. टायर १४५/८० आर १३, वॅगनआरला यायचा तोच साइज, मिळायला काही अडचण नाही.

शेवटी एक विनंती. तुम्ही लिहिलंय की गाडी विकली तेव्हा तिचं हँडबुक आणि जॅक घरीच राहिला आणि अजून माळ्यावर आहे. माझ्याकडच्या हँडबुकाची वायरिंगची पानं वाळवीने खाल्लीत. त्या पानांचे फोटो काढून पाठवाल का, विशेषतः कटआउटकडून इग्निशन स्विचकडे जाणाऱ्या वायरींचे रंग वाचता येतील असे. जुनं वायरिंग परत बसवायची वेळ आली तर लागणार आहे, आणि तो कागदही मला त्या पार्टांसोबतच ठेवायचाय.