आवाज येतोय का, मॅडम?

परवा शहाद्याहून एका मुलीचा फोन आला. बी.ए. झालंय, लग्न ठरलंय, सासर तळोद्याकडे. म्हणाली, "ताई, तुम्ही घरी बसून सायकॉलॉजीत एम.ए. केलं ना? मलाही करायचंय. ॲडमिशन कुठे घेऊ?"

मला तिला सांगावं लागलं की ते दार आता बंद झालंय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेश थांबवले. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यवसायांसाठीच्या कायद्यात, जे विषय येतात, ते घरबसल्या शिकवायचे नाहीत असं आयोगाचं म्हणणं. पोरगी गप्प झाली. मग "बरं ताई" म्हणून तिने फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे लिहिते. लांबलं तर समजून घ्या.

मी अमळनेर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. २०२१मध्ये प्रवेश घेतला तेव्हा सदतीस वर्षांची होते. कोरोनात वडील गेलेला नववीतला एक मुलगा शाळा उघडल्यावर वर्गात यायचा, वही उघडायचा आणि दिवसभर एक अक्षर बोलायचा नाही. त्याच्याशी कसं बोलावं हे मला कळत नव्हतं. इतकी वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई मी, पण एका पोराजवळ पाच मिनिटं बसता येईना. त्या अस्वस्थतेतून फॉर्म भरला. नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचे गुडघे, हे सगळं सोडून जळगावला किंवा पुण्याला जाऊन दोन वर्षं राहणं मला शक्यच नव्हतं. माझ्यासोबत शिकणाऱ्या बहुतेक बायकांची हीच गोष्ट. पारोळ्याची एक अंगणवाडी सेविका होती, शिरपूरची एक नर्स, रावेरकडची केळीवाल्या घरातली एक सून. या तिघींना कॉलेजच्या बाकावर कुणीही बसवलं नसतं. दूरस्थ शिक्षणाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी या तिघींचा विचार करावा.

पहाटे चारला उठायचे. तेव्हा नेटही बरं चालायचं. संख्याशास्त्राने रडवलं. बी.ए. मराठीवाल्या बाईने प्रमाण विचलन आणि टी-चाचणी शिकायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पुस्तकं इंग्रजीत आणि मराठी परिभाषा तर इंग्रजीपेक्षा जड. मग मी एक युक्ती काढली. रात्री भाकरी करताना सासूबाईंना अहिराणीत समजावून सांगायचं. त्यांना समजलं तर मला समजलं.

अभ्यासक्रमात एक प्रयोग सांगितला होता. १९६७मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांवर केलेला. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधली बुटकी फळी ओलांडली की सुटका होती. पण त्यातले बरेचसे तिथेच पडून राहिले, उठलेच नाहीत. सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवली आणि म्हणाल्या, "हाई ते आपला नाना शेत."

नाना म्हणजे माझे चुलतसासरे. २०१७ला गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, त्याआधी दोन वर्षं पावसाने दगा दिला होता. पंचनाम्याला तलाठी बांधावर आले तरी नाना ओट्यावरून उठले नाहीत. घरातले सगळे त्यांना आळशी म्हणाले. मीही म्हणाले होते. त्या रात्री मला फार लाज वाटली. पुढे वाचलं की याच दोन संशोधकांनी जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६मध्ये, हतबलता अनुभवातून शिकली जाते ही आपलीच मांडणी उलटी फिरवली. हतबलता शिकावी लागत नाही, लांबत गेलेल्या त्रासात ती आपोआप येते. शिकावं लागतं ते "आपल्या हातात काहीतरी आहे" हे. नानांना ओरडून काही होणार नव्हतं. त्यांच्या हाताला यश येईल असं एखादं छोटं काम हवं होतं. हे ज्ञान मला घरात, चुलीपुढे मिळालं आणि त्यासाठी मी त्या अभ्यासक्रमाची आयुष्यभर ऋणी राहीन.

पण आता दुसरी बाजूही सांगते, तीही तितकीच खरी आहे.

दुसऱ्या वर्षी समुपदेशनाचा सराव होता. मोबाइलवर, जोड्या लावून. एकीने दुःख सांगायचं, दुसरीने ऐकायचं. कार्ल रॉजर्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचला होता. सल्ला द्यायचा नाही, तपासायचं नाही, समोरच्याला आहे तसं स्वीकारायचं. आणि शांतता आली तर ती मोडायची नाही, कारण त्या शांततेतच माणूस स्वतःजवळ येतो. माझ्या जोडीला शिरपूरची नर्स होती. ती कोविड वॉर्डातल्या रात्रींबद्दल बोलायला लागली. पाठ केलेलं दुःख नव्हतं ते, खरं होतं. बोलता बोलता थांबली. मीही थांबले. पहिल्यांदाच मला ती शांतता धरून ठेवता आली होती. चार-पाच सेकंद गेले असतील आणि शिकवणाऱ्यांचा आवाज आला, "हॅलो? आवाज येतोय का?" नर्स दचकली, "हो मॅडम, येतोय" म्हणाली आणि डोळे पुसून हसली. पुढे ती त्या विषयावर बोललीच नाही.

यात कुणाचाच दोष नव्हता. पडद्यावर शांतता आणि गेलेलं नेटवर्क सारखंच दिसतं. समोरची बाई रडते आहे की चित्र गोठलंय हे कळत नाही. तिच्या पायाचा अंगठा जमीन उकरतोय का, पदराचं टोक पिळलं जातंय का, हे चौकटीत येतच नाही. आणि आपल्या बायका तोंडाने "बरं शे" म्हणतात, खरं सगळं पदराच्या टोकातून सांगतात.

चाचण्यांचंही तेच. भाटिया यांची बुद्धिमापन चाचणी, १९५५ साली प्रसिद्ध झालेली, आपल्याकडच्या मुलांसाठी बनवलेली, लिहितावाचता न येणाऱ्यालाही देता येते. तिच्यात रंगीत ठोकळे असतात, त्यांपासून कार्डावरची नक्षी जुळवायची, वेळ मोजायची. ती चाचणी मी व्हिडिओत पाहिली आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहिली. केंद्रावर एकच पेटी होती आणि आम्ही तीसजण. माझ्या वाट्याला ते ठोकळे दहा मिनिटं आले. पुढे मी स्वतः उसनी पेटी आणून वस्तीवरच्या एका मुलाला ती दिली, तेव्हा कळलं की मुलाच्या गुणांपेक्षा तो ठोकळा हातात कसा धरतो, चुकल्यावर माझ्याकडे बघतो की ठोकळ्याकडे, हेच पाहायचं असतं. ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

म्हणून मला आयोगाच्या निर्णयातलं कारण पटतं, पण उपाय पटत नाही. हात घालून शिकण्याची सोय नाही म्हणून शिकणंच काढून घ्यायचं, हा कुठला न्याय? धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला आहे, नंदुरबारलाही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६पासून चालू आहे. वाचन, व्याख्यानं, संख्याशास्त्र घरी होऊ द्या. आणि दर वर्षी सलग काही आठवडे जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काम सक्तीचं करा. ते केल्याशिवाय पदवी देऊ नका. अमळनेरहून धुळ्याला एस.टी.ने रोज जाऊन येता येतं, मी गेले असते. ती नर्स तर नक्कीच गेली असती.

जाहिरातींबद्दलही बोलायलाच हवं. "घरबसल्या मानसशास्त्रज्ञ व्हा" असं सांगून कित्येकांना फी भरायला लावली गेली. नुसत्या एम.ए.ने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. आमच्यातल्या दोघींना हे शेवटच्या परीक्षेनंतर कळलं. एकीने मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरली होती. मी स्वतः शाळेत मुलांशी बोलते, पण नावापुढे काही लावत नाही. गरज दिसली की मुलाला डॉक्टरांकडे पाठवते आणि घरच्यांना १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर लिहून देते.

तरीही खान्देशाला ही माणसं हवीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६च्या, दिसलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आमच्याकडे त्यात भाषेची भर. बाई दवाखान्यात जाऊन "डिप्रेशन" म्हणत नाही. ती म्हणते, "जीव घाबरस, करमत नही, जेवण गोड लागत नही." डॉक्टर ॲसिडिटीची गोळी देतात. सातपुड्यात पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या बाईचं तर दुभाष्याशिवाय पान हलत नाही, आणि दुभाष्या बहुतेकदा तिचा नवराच असतो. त्याच्यासमोर ती काय सांगणार? तिची भाषा बोलणारी मुलगी शिकून तिथेच बसलेली हवी. तळोद्याला सासरी जाणारी ती मुलगी तशीच आहे.

काल मी तिला परत फोन केला. आत्ता काय काय करता येईल ते सांगितलं: नियमित महाविद्यालयातलं एम.ए. कुठे आहे ते शोध, लग्नाआधी सासरच्यांशी स्पष्ट बोलून घे, आणि तोवर वाचत राहा, पुस्तकं मी देते. तिने विचारलं, "ताई, ते ठोकळे बघायला येऊ का?" रविवारी येते आहे. उसनी पेटी मी अजून परत केलेली नाही.