हॉटडॉग पाणचट का झाले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'तुम्ही सांगितलं तसं सॉसेजला चिरा पाडून दहा मिनिटं उकळले, मग भाजले. पाणचट लागले, मुलांनी अर्धे तसेच टाकले. भाजायचेच आहेत तर उकळायचे कशाला? आणि ठाण्यात फ्लॅटमध्ये कोळसा पेटवायचा कुठे?' असं तुम्ही विचारलंय. अख्खं पाकीट वाया गेलं याचं मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझ्या लिहिण्यात होती.

मी 'उकळून घ्या' असं लिहिलं, ते चुकलं. पाण्याला उकळी येऊ द्यायचीच नाही. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले, वाफ यायला लागली की गॅस अगदी मंद करायचा आणि सॉसेज आठ-दहा मिनिटं त्यात नुसते ठेवायचे. जर्मनीत फ्रँकफर्टर (हॉटडॉगमधले लांबट सॉसेज) असेच गरम करतात, कारण खळखळत्या पाण्यात ते फुटतात. दुसरं म्हणजे चिरा पाण्यातून काढल्यावर पाडायच्या. आधी पाडल्या की मीठ, मसाला, चरबी सगळं पाण्यात उतरतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असणार. हा क्रम मी कुठेच स्पष्ट लिहिला नव्हता.

पण पाणी अजिबात नको, हे मला पटत नाही. तुमची प्रतिक्रिया वाचून रविवारी पाचपाखाडीत आमच्या गच्चीवर शेगडी पेटवली आणि एकाच पाकिटातले ४ चिकन सॉसेज घेतले. दोन फ्रीजमधून थेट जाळीवर, दोन गरम पाण्यातून काढून. थेट टाकलेले बघता बघता काळे पडले, एक उभा फुटला, चरबी निखाऱ्यांवर ठिबकून जाळ उठला. मधोमध कापून पाहिलं तर आत गारच! दुसरे दोन आतून आधीच गरम होते, त्यामुळे फक्त रंग यायची वाट बघायची होती. तिरक्या चिरा हळूहळू उघडल्या, त्यांच्या कडा आधी तांबूस आणि मग कुरकुरीत झाल्या. मोहरीचा सॉस त्याच खाचांत धरून राहतो.

भाजण्याआधी सॉसेज स्वच्छ फडक्याने कोरडे पुसा. ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो आणि तांबूस रंग, भाजल्याची चव यायला साधारण १४० अंश लागतात. मग तेलाचं एक बोट फिरवा, जाळीला नको, सॉसेजलाच. आणि पाकिटावर नीट बघा: काही सॉसेज आधीच शिजवलेले असतात, काही कच्चे. कच्च्या चिकनचा मधला भाग ७४ अंशांपर्यंत जायलाच हवा.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. थेट भाजलेल्यांना धुराचा वास जास्त छान होता. तोच हवा असेल तर निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा, सॉसेज मोकळ्या बाजूला ठेवून वर पातेलं पालथं घाला. आतपर्यंत गरम झाले की शेवटी मिनिटभर निखाऱ्यांवर आणा. पाण्याची गरजच नाही.

मात्र फ्लॅटमध्ये कोळसा पेटवू नका, काचा लावलेल्या गॅलरीत तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गुदमरायला लागलं तरी कळत नाही. बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवा, सॉसेज ठेवा आणि दर मिनिटाला थोडे फिरवा. आमच्याकडे पावसाळाभर हेच चालतं.

लादीपावाबद्दल तुम्ही नाराजी लिहिलीत. लांबट बन मिळाला तर तोच घ्या, सॉसेज त्यात नीट बसतो. पाव असो की बन, आतल्या बाजूला बटर लावून त्याच तव्यावर शेकायचा, म्हणजे सॉसने भिजून लगदा होत नाही.

मूळ पोस्टमधला 'उकळून घ्या' आजच काढला आणि चिरांचा क्रमही दुरुस्त केला. पुढच्या वेळी आधी दोनच सॉसेज करून बघा, आणि मुलांनी खाल्ले का ते मला नक्की कळवा.