1980 ची ती आईस हॉकी मॅच फायनल नव्हतीच

नागपूरच्या क्लासेसच्या ग्रुपांवर परीक्षा जवळ आली की एक मेसेज हमखास फिरतो: '1980 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये कॉलेजच्या पोरांनी अजिंक्य रशियाला 4-3 हरवून अमेरिकेला आईस हॉकीचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. अख्ख्या देशानं ते लाइव्ह पाहिलं, अमेरिका पदकतक्त्यात पहिली आली.'

स्कोअर तेवढा बरोबर आहे.

आधी 'फायनल'चं बघू. ते ऑलिम्पिक जिथं झालं त्या अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला फायनल नावाची मॅचच नव्हती. सहा-सहा संघांचे दोन गट होते आणि प्रत्येकातले पहिले दोन पदकफेरीत जाणार होते. जिंकल्यास 2 गुण, बरोबरीला 1. सोबत आलेल्या गटातल्या जोडीदाराविरुद्धचा निकालही पदकफेरीत धरला जायचा. त्यामुळे स्वीडनशी 2-2 बरोबरीचा 1 गुण अमेरिकेच्या खात्यात आधीच होता, तर फिनलंडला हरवल्याचे 2 सोव्हिएत संघाकडे. 22 फेब्रुवारीला ती 4-3 ची मॅच झाली, त्याच दिवशी स्वीडन-फिनलंड 3-3 सुटले. रात्रीचा हिशेब असा: अमेरिका 3, सोव्हिएत 2, स्वीडन 2, फिनलंड 1.

म्हणजे सुवर्ण लांबच होतं. 24 तारखेला अमेरिका फिनलंडकडून हरली असती, तर दोघांचे 3-3 गुण झाले असते आणि नंतरच्या सोव्हिएत-स्वीडन मॅचचा विजेता 4 गुणांवर सुवर्ण घेऊन गेला असता. ती मॅच बरोबरीत सुटली असती तर चौघेही 3 वर, आणि अमेरिका रिकाम्या हातानंही परतू शकली असती. दोन पिरियड संपले तेव्हा फिनलंड 2-1 ने पुढे होता. तिसऱ्यात अमेरिकेनं तीन गोल केले, 4-2 ने जिंकली, तेव्हा कुठं सुवर्ण पक्कं झालं.

नागपूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. 1987 च्या विश्वचषकात सदरच्या व्हीसीए मैदानावर चेतन शर्माची हॅटट्रिक, मग न्यूझीलंडच्या 221 धावांचा पाठलाग 32.1 षटकांत, गावसकर नाबाद 103. गाव आजही ती मॅच सांगतं, पण होती ती साखळीतली. पुढे सेमीफायनलला वानखेडेवर इंग्लंडनं आपल्याला घरी बसवलं.

'पहिलं सुवर्ण' हेही चूक. 1960 ला स्क्वॉ व्हॅलीत अमेरिकेनं ते जिंकलं होतं. त्यानंतरची चार सुवर्णं मात्र सोव्हिएत संघाची.

'कॉलेजची पोरं' अर्धं खरं. बहुतेक जण कॉलेज हॉकीतले होते, पण कप्तान माइक इरुझिओनी पदवी घेऊन व्यावसायिक कनिष्ठ लीगमध्ये खेळून आला होता. प्रशिक्षक हर्ब ब्रूक्सनं हा संघ ऑलिम्पिकआधी महिनोन्‌महिने सराव सामन्यांत घासला होता. तरीही स्पर्धा सुरू व्हायच्या तीन दिवस आधी, 9 फेब्रुवारीला, याच सोव्हिएत संघानं न्यूयॉर्कमध्ये त्यांना 10-3 धुतलं. मग 22 ला काय बदललं? पहिल्या पिरियडचा एक सेकंद उरला असताना सोव्हिएत गोलकीपर त्रेत्याकनं अडवलेला पक (खेळायची रबरी चकती) पुढ्यातच पडला, अमेरिकेच्या मार्क जॉन्सननं तो आत ढकलला, 2-2. चिडून प्रशिक्षक तिखोनॉव्हनं त्रेत्याकलाच बसवलं आणि मिश्किनला उतरवलं. जगातला सर्वोत्तम गोलकीपर बाकावर! शेवटी गोलकडचे फटके सोव्हिएतचे 39, अमेरिकेचे 16, तरी हरले; अमेरिकेचा गोलकीपर जिम क्रेगनं 36 अडवले.

लाइव्ह? मॅच संध्याकाळी 5 ला झाली; अमेरिकेत एबीसी या टीव्ही वाहिनीनं ती रात्री रेकॉर्डिंगवरून दाखवली.

पदकतक्ता: सोव्हिएत संघाची सुवर्णं 10, पूर्व जर्मनीची 9, अमेरिकेची 6. त्या 6 पैकी 5 एकट्या एरिक हायडनची, स्पीड स्केटिंगमधली. हॉकीत पदकं गळ्यात 20 जणांच्या, तक्त्यात मात्र एकच.

त्याच वर्षी 4-3 ची खरी ऑलिम्पिक फायनल झाली ती मॉस्कोत. भारतानं स्पेनला हरवलं. फक्त ती हॉकी बर्फावरची नव्हती.