डबाबंद ऊन

डेन्व्हरला रात्रभर बर्फ पडतो आणि सकाळी असं लख्ख ऊन पडतं की डोळे दिपावेत. एवढं ऊन फुकट जातं याचं माझ्या नवऱ्याला फार वाईट वाटतं. गॅसचं बिल आलं की जास्तच. शेवटी दक्षिणेच्या भिंतीला सोडा कॅनचा सोलर हीटर लावायचं ठरलं.

कॅन शेकड्यांनी हवेत आणि आम्ही सगळे ताक पिणारे. मग भल्या पहाटे साहेब गल्लीतले रीसायकलचे डबे धुंडाळू लागले. बिअरच्या कॅननी भरलेली पोती बघून शेजारच्या आजीबाईंनी एकदा आमच्या दारात सूप ठेवलं.

कॅनच्या बुडाला भोक पाडायचं, एकावर एक चिकटवून नळकांडी करायची, काळा रंग फासायचा, वर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा. भिंतीच्या खालच्या भोकातून खोलीतली गार हवा आत जाते, तापून वरच्या भोकातून खोलीत येते. "एडवर्ड मोर्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1881 मध्येच असल्या हीटरचं पेटंट घेतलंय!" नवरा सांगतो. जणू आमच्या भिंतीला भोकं त्या मोर्सनंच पाडली.

चालतो मात्र झकास. भर दुपारी वरून नुसत्या वाफा. पण तेव्हा आम्ही दोघं ऑफिसात! डिसेंबरात पाचच्या आत सूर्य गुल, हवा खेळवणारा पंखा बंद, आणि हवेत ऊब टिकते किती? "साठवायला दगड हवेत," नवरा म्हणाला. याच डेन्व्हरात 1957 साली सौरऊर्जेवर काम करणाऱ्या जॉर्ज लॉफ या इंजिनिअरनी आपल्या घरात दोन उंच नळकांड्यांत खडी भरून ऊब साठवली होती म्हणे. खडीसाठी यानं टेप काढून देवघराचा कोपरा मापला. सासूबाई आणि मी प्रथमच एका सुरात ओरडलो.

रात्री तर उलटा कारभार. घरातली ऊब वरच्या भोकातून पॅनेलमध्ये शिरते, तिथे गारठते आणि खालच्या भोकातून थेट आमच्या पायांवर. हवा उलटी फिरू न देणारी झडप अजून कुरिअरवाल्याकडेच. सासूबाईंनी जुनी साडी फाडली, दोन बोळे केले आणि दोन्ही भोकांत कोंबले.

सकाळी बोळे काढायचं कामही त्यांनी आपल्याकडेच घेतलं. का, हे परवा मी लवकर घरी आले तेव्हा कळलं. वरच्या भोकासमोर खुर्च्या, खुर्च्यांवर ताटं, ताटांत साबुदाण्याच्या पापड्या. नवरा थर्मामीटर घेऊन पुढे सरसावला.

"हात लावू नकोस, ओल्या आहेत अजून," सासूबाई म्हणाल्या. "आणि दुसरं पॅनेल कधी बसवतोयस? सांडगे घालायचेत."